दुखलं नाही, म्हणून

नवीन जालन्याच्या मोंढ्यात सव्वीस वर्षं मी दिवाणजी म्हणून गादीवर बसलो. मांडी घालून. गुडघे जाणार हे आमच्या धंद्यात ठरलेलंच. संध्याकाळी घरी जाताना मेडिकलवर थांबायचं, 'नेहमीची द्या' म्हणायचं आणि दोन गोळ्या खिशात टाकायच्या. डायक्लोफिनॅक हे त्या गोळीचं नाव मला पाच वर्षांनी कळलं. ना मी कधी चिठ्ठी दाखवली, ना समोरच्याने मागितली.

बीपीची गोळी मात्र महिनाभरात सोडली. डोकं दुखायचं थांबलं होतं, मग कशाला? दुखणारी गोष्ट रोज औषध मागते आणि न दुखणारी मुकाट मरते, एवढं साधं गणित हिशेब लिहिणाऱ्या माणसाला सुटलं नाही. बरेच दिवस पावलांवर चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटत होता. लघवीला फेस यायचा. रात्री तीन-तीनदा उठावं लागायचं. ते सगळं मी वयाच्या नावावर मांडून टाकलं.

संभाजीनगरला रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं तेव्हा ४.८ निघालं. पुरुषांत ते साधारण १.३ च्या आत असावं लागतं. डॉक्टर म्हणाले, किडन्यांचं निम्मं काम बंद पडेपर्यंत हा आकडा फारसा हलतच नाही. म्हणून ज्यांना शुगर किंवा बीपी आहे त्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिनबरोबर लघवीतलं अल्ब्युमिनही तपासून घ्यावं, ते आधी बोलतं. आणि गुडघ्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ज्या दिवशी जुलाब-उलट्या झाल्या असतील किंवा उन्हात घामाने अंग निथळलं असेल, त्या दिवशी तर नाहीच. आमच्या स्टीलच्या मिलांत भट्टीपुढे उभी राहणारी पोरं अंगदुखीला सर्रास या गोळ्या खातात. ते पाहून जीव कळवळतो.

पुढची चूक पहिलीपेक्षा मोठी. डॉक्टरांनी सांगितलं, हातावर फिस्टुला करून ठेवा. म्हणजे मनगटाजवळची शीर धमनीला जोडायची. ती फुगून सुईजोगी व्हायला दीड-दोन महिने लागतात. मी नाही म्हणालो. फिस्टुला केला की डायलिसिस लागणारच, असं माझ्या डोक्यात बसलेलं, जणू विहीर खोदल्यामुळेच तहान लागते! त्याऐवजी कुणाच्या तरी सांगण्यावरून आठ महिने एक चूर्ण खाल्लं. त्यात काय होतं देव जाणे, डबीवर काहीच छापलेलं नव्हतं. एका रात्री आडवा पडलो आणि श्वास कोंडायला लागला. फुप्फुसात पाणी. मग घाईघाईत मानेत नळी घालून डायलिसिस, नळीला जंतुसंसर्ग, थंडी वाजून ताप. फिस्टुला अखेर झालाच, पण सगळं सोसून झाल्यावर.

आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनवर असतो.

पाण्याचं सांगतो, कारण त्यात आम्ही जालनेकर तसे मुरलेले. घाणेवाडीच्या तलावाचं पाणी उताराने आपसूक गावात येतं हे खरं, पण आठ-दहा दिवसांनी येणारा नळ पाहतच आम्ही म्हातारे झालो. कळशीने पाणी मोजणं अंगवळणी आहे. तरी सुरुवातीला दोन डायलिसिसच्या मधे माझं वजन चार-चार किलो वाढायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, वजनकाटा खोटं बोलत नाही. मला दिलेलं माप असं: कालची लघवी जेवढी, त्यावर अर्धा लिटर. चहा, ताक, वरणाचं पाणी सगळं त्यातच. बायकोने एक बाटली ठेवलीय. मी जेवढं पितो तेवढं पाणी ती त्या बाटलीतून झाडाला ओतते. बाटली संपली की माझा दिवस संपला. तहान पाण्याने नाही, मीठ तोडल्याने आटोक्यात आली. पापड-लोणचं गेलं. 'कमी सोडियमचं' मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि ते आमच्यासारख्यांचं हृदय थांबवू शकतं.

पोटॅशियमनेच माझी मोसंबी नेली. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आजारी माणसाला भेटायला येताना आमच्याकडे मोसंबीच आणतात. शेजारी पिशवी घेऊन येतात, मी ती नातीच्या हवाली करतो. शहाळ्याचं पाणीही तसंच. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी फेकायचं. डाळ बंद करा म्हणणाऱ्या शेजाऱ्यांचं मात्र ऐकू नका. डायलिसिसच्या आधी मला प्रथिनं कमी करायला सांगितली होती. मशीनवर आल्यावर उलट वाढवायला सांगितली. आता रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग खातो. माळ घातलेल्या घरात हे सोपं गेलं नाही.

पैशांची काळजी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. शेत विकायची घाई करू नका.

डायलिसिसच्या वेळी शेजारच्या खुर्चीवरचे एक जुने समाजवादी काका नेहमी जयप्रकाश नारायणांची गोष्ट सांगतात. १९७५ साली स्थानबद्धतेत किडन्या गेल्या, मुंबईच्या जसलोकमध्ये डायलिसिस सुरू झालं आणि त्याच अवस्थेत त्यांनी १९७७ ची निवडणूक गाजवली. 'आणि तू दिवाणजी, दोन खतावण्या लिहायला कुरकुरतोस?' मी पुन्हा अर्धा दिवस मोंढ्यात जातो. खुर्चीवर बसतो.

बायको किडनी द्यायला तयार आहे. तपासण्या चालू आहेत.

डाव्या हातावर घड्याळ बांधत नाही, त्या हातावर बीपी मोजू देत नाही. फिस्टुलावर कान ठेवला की आत भुंग्यासारखी घरघर ऐकू येते. ती रोज तपासायची असते. हे काम नातीने घेतलंय. शाळेला निघण्याआधी मनगटाला कान लावते आणि 'चालू आहे' म्हणते. घरघर ऐकू आली नाही तर काय करायचं, तेही तिला पाठ आहे: दप्तर टाकायचं आणि आधी तिच्या बाबांना रिक्षा आणायला पळवायचं.