तीन थेंब

आजचं वचन : योहान ६:६०-६९



आजच्या उताऱ्यात लोक येशूला सोडून जातात. आदल्याच दिवशी त्याने पाच भाकरींत हजारोंना जेवू घातलं होतं आणि लोक त्याला राजा करायला निघाले होते. आता तो म्हणतो, माझं शरीर हे खरं अन्न आहे. बरेच शिष्य कुरकुरतात आणि निघून जातात. येशू कोणाला हात धरून थांबवत नाही, "मी आपलं उदाहरण म्हणून बोललो" असंही सांगत नाही. उलट बारा जणांना विचारतो, तुम्हालाही जायचंय का? पेत्राचं उत्तर मला फार आवडतं, कारण आपल्याला सगळं समजलंय असं तो म्हणतच नाही. सार्वकालिक जीवनाची वचनं तुझ्याकडेच आहेत, मग दुसऱ्या कोणाकडे जाणार, असं तो विचारतो.

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली तेव्हा मी रात्र रात्र ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांचे व्हिडिओ बघत बसायचो. सगळ्यात जास्त वाचलं ते इटलीतल्या लान्चानोबद्दल. परंपरा सांगते की आठव्या शतकात तिथे एक संन्यासी धर्मगुरू मिस्सा करत होता. भाकरीत प्रभू खरोखर असतो का, ही शंका त्याला छळत होती. प्रभूचे शब्द उच्चारल्यावर त्याच्या हातातल्या भाकरीचं मांस झालं आणि द्राक्षारसाचं रक्त. ते मांस आणि रक्ताच्या पाच गुठळ्या आजही तिथल्या चर्चमध्ये आहेत. १९७०-७१ मध्ये ओदोआर्दो लिनोली या डॉक्टरांनी त्यांची तपासणी केली. हृदयाच्या स्नायूची पेशीजाल, माणसाचं रक्त, गट एबी, असा त्यांचा निष्कर्ष. इंजिनिअर माणूस, मला रिपोर्टच हवा होता! (अशा चमत्कारांवर विश्वास ठेवलाच पाहिजे अशी सक्ती चर्च करत नाही, हेही सांगून ठेवतो.)

पण खरं सांगू? रिपोर्ट वाचून झाला, अंगावर काटाही आला, आणि सकाळी ईएमआयचा मेसेज आल्यावर पोटात तसाच गोळा. पुरावा मिळाला म्हणून भीती गेली नाही. मग त्या संन्याशाकडे पुन्हा पाहिलं. मनात शंका होती, तरी त्या सकाळी तो वेदीपाशी उभा होता. शंका फिटली की मग मिस्सा करेन, असं तो म्हणाला नाही.

त्याच दिवसांत मला व्हिएतनामचे बिशप वान थुआन भेटले, म्हणजे पुस्तकातून. १९७५ मध्ये सायगॉन कम्युनिस्टांच्या हाती गेलं आणि १५ ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गउन्नयनाच्या सणादिवशी, त्यांना अटक झाली. तेरा वर्षं कैद, त्यातली नऊ एकट्याने कोंडलेली. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. त्यांनी आपल्या लोकांना चिठ्ठी लिहिली, पोटदुखीसाठी थोडं औषध पाठवा. लोकांना कळलं. औषधाच्या लेबलाची छोटी बाटली आली, आत द्राक्षारस. मिस्सेसाठीची भाकर टॉर्चमध्ये लपवून आली. मग रोज तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब, पाण्याचा एक थेंब, आणि मिस्सा. तळहात हाच चषक. पुढे छावणीत पन्नास कैदी एकाच लांबलचक फळीवर झोपायचे. दिवे मालवले की ते वाकून, पाठ असलेली मिस्सा पुटपुटायचे आणि मच्छरदाणीखालून ख्रिस्तप्रसाद पुढे सरकवायचे. सिगारेटच्या पाकिटाच्या कागदाच्या पुड्या करून कैदी तो खिशात जपत.

तिथे भाकरीचं मांस झालेलं कोणी पाहिलं नाही. दरवाजाही उघडला नाही, १९८८ पर्यंत.

कोठडीत त्यांना सगळ्यात जास्त काय खात होतं? आपलं अर्धवट राहिलेलं काम. सेमिनरी, शाळा, तरुणांचे गट. एका रात्री त्यांना उमगलं की ही सगळी देवाची कामं आहेत, देव नव्हे. कामं काढून घेतली तरी देव उरतो. हे वाचून मी लॅपटॉप बंद केला. माझं तर देवाचं कामही नव्हतं, नुसता जॉब होता, आणि तो गेल्यावर माझं काहीच उरलं नाही असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या मिस्सेला जायला लागलो. मोजून बारा-पंधरा माणसं, बहुतेक आजी-आजोबा. काही दिवस प्रार्थनाही सुचायची नाही. नुसता रांगेत उभा राहायचो, हात पुढे करायचो, "आमेन" म्हणायचो. नोकरी पुढे चार महिन्यांनी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. याला मी चमत्काराची साक्ष म्हणणार नाही. सकाळी जायचं मात्र अजून सुटलेलं नाही.

प्रभू येशू, आज ज्यांच्या इनबॉक्समध्ये पुन्हा नकार आला आहे, जे हॉस्पिटलच्या बाकावर बसून आहेत, ज्यांना तुझ्याशी काय बोलावं हेच सुचत नाही, त्यांच्या रिकाम्या तळहातावर तू ये. आमेन.