घरचा सोडा आणि विहिरीतली हवा



उन्हाळा आला की आपल्याला लिंबू-सोड्याची आठवण येते. गोटी आत ढकलली की फट्ट आवाज होतो, फेस वर येतो आणि नाकात झिणझिण्या येतात. पण हे बुडबुडे पाण्यात येतात कोठून? हा प्रश्न आम्हांला पडला. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही सोड्याच्या बाटलीपासून थेट विहिरीच्या काठापर्यंत पोचलो. ते कसे, ते या लेखात सांगतो.

काकाजींची मशीन

मागच्या सुटीत माझे काकाजी अमरावतीहून आले. येताना त्यांनी घरी सोडा करायची मशीन आणली. मशीन ओट्यावर मावेल एवढीच. तिला वीज लागत नाही. मागच्या बाजूला एक लहान नळकांडे असते. त्यात कार्बन डाय-ऑक्साइड वायू दाबून भरलेला असतो, इतका दाबून की त्याचा पातळ रस झालेला असतो. समोर प्लॅस्टिकची जाड बाटली फिरवून बसवतात. वर बटण असते. ते दाबले की वायू बारीक नळीतून पाण्यात शिरतो.

सोडा करण्याची रीत अशी :

१. बाटलीत खुणेपर्यंत गार पाणी भरावे. काठोकाठ भरू नये.
२. बाटली मशीनला घट्ट बसवावी.
३. बटण थोडे थोडे, थांबून थांबून तीन-चार वेळा दाबावे.
४. उरलेला दाब सुस्कारा टाकून निघून जातो. तो गेल्यावरच बाटली काढावी.
५. लिंबू, साखर, मीठ शेवटी पेल्यात घालावे.

पाचवा नियम मी मोडला. मी आधीच लिंबू-साखर घातली. बटण दाबताच सगळा फेस उसळून ओट्यावर आला, आणि पुसायचे कामही मलाच लागले!

गार पाणी कशाला?

वायू पाण्यात विरघळतो, पण किती विरघळेल हे दोन गोष्टींवर ठरते : पाणी किती गार आहे, आणि दाब किती आहे. नेहमीच्या हवेच्या दाबाला १ लिटर पाण्यात हा वायू शून्य अंशाला सुमारे १.७ लिटर मावतो. २० अंशाला सुमारे ०.९ लिटर, आणि ४० अंशाला अर्ध्या लिटरच्या आसपासच मावतो. म्हणजे आपल्या वैशाखातल्या नळाच्या पाण्याचा सोडा होतो, पण मिळमिळीत.

झणझणीत सोडा करायला १ लिटर पाण्यात सुमारे ७ ग्रॅम वायू लागतो. तो मोकळा सोडला तर जवळजवळ ४ लिटर जागा व्यापील. एवढा वायू दाबाखेरीज पाण्यात राहत नाही. म्हणून तर झाकण उघडताच तो बाहेर पळतो. तेच बुडबुडे! आणि सोडा प्याल्यावर येणारा ढेकर म्हणजे तोच वायू परत येतो. ढेकर आला म्हणजे अन्न पचले असे नाही.

एका नळकांड्यात सुमारे ४०० ग्रॅम वायू असतो. आता गणित करा : ४०० भागिले ७. उत्तर सत्तावन्नच्या आसपास येते. म्हणजे एका नळकांड्यात फार तर ५०-६० लिटर सोडा होतो.

थोडा इतिहास

१७६७ साली इंग्लंडमधील लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली नावाचे शास्त्रज्ञ राहत. त्यांच्या घराशेजारी दारूची भट्टी होती. आंबणाऱ्या पिंपावर एक जड हवा तरंगते हे त्यांनी पाहिले. त्या हवेत त्यांनी पाणी धरले, तर पाण्याला आंबूस चव आली. १७७२ साली त्यांनी ही कृती छापली. १७८३ साली जिनिव्हा येथे याकोब श्वेप यांनी असे पाणी विकण्याचा धंदा काढला. १९०३ साली लंडनचे गाय गिल्बी यांनी घरी सोडा करायचे यंत्र बनवले. काकाजींची मशीन त्याचीच पणती म्हणायची.

आपली गोटीची बाटली मात्र इंग्लंडच्या हायरम कॉड यांची, १८७२ सालची. बाटली उलटी धरून भरतात. गोटी तोंडाशी येते, आणि आतला वायूच तिला रबराच्या कड्यावर घट्ट दाबून धरतो. वेगळे बूच नको. आतल्या दाबानेच दार बंद होते. केवढी युक्ती!

आजीचा प्रश्न

मशीन पाहून आजी म्हणाली, "काऊन रे बापू, आपल्या बोरचं खारं पानी या मशिनीनं गोड व्हईन का?"

आम्ही हसलो. आजी हसली नाही. मग आम्हीही गप्प झालो. कारण आपला भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे. येथे जमिनीखाली पाणी आहे, पण खारे. शहानूर धरणाचे पाणी नळाला येण्याआधी गोड पाण्यासाठी बायांना किती पायपीट करावी लागे, हे आजीने स्वतः पाहिले आहे. नळ चार दिवस आला नाही तर आजही बोरकडेच पाहावे लागते.

काकाजी म्हणाले, "माय, पाहू ना करून." त्यांनी बोरच्या पाण्याचा सोडा केला. एका बशीत साधे बोरचे पाणी दोन चमचे घेतले, दुसऱ्या बशीत त्याच पाण्याचा सोडा दोन चमचे. दोन्ही बश्या उन्हात ठेवल्या. संध्याकाळी पाहतो तो दोन्ही बश्यांत सारखाच पांढरा थर! मीठ जेथल्या तेथे. फक्त हवा उडून गेली होती.

यावरून कळले की वायू पाण्यात काहीतरी घालतो, पाण्यातून काही काढत नाही. खारे पाणी खारेच राहते आणि गढूळ पाणी गढूळच. सोड्याने पाणी शुद्ध होते असे समजू नका. आधी स्वच्छ पाणी, मग सोडा.

आणखी एक. ऊन लागून किंवा हगवणीने लेकरू गळून गेले तर सोडा पाजू नका. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजा, आणि दवाखान्यात न्या.

वर्गातला प्रयोग

मशीन नसली तरी हा वायू तयार करता येतो. बाईंनी वर्गात करून दाखवले. एका खोल गंजात दोन मेणबत्त्या उभ्या केल्या, एक उंच आणि एक ठेंगणी. तळाला दोन चमचे खायचा सोडा पसरला. बाईंनी मेणबत्त्या पेटवल्या आणि कडेने तीन लिंबांचा रस हळूच सोडला. फेस आला. थोड्या वेळाने ठेंगणी मेणबत्ती विझली. उंच तशीच जळत होती! मग काही वेळाने तीही विझली.

असे का झाले? हा वायू हवेपेक्षा दीडपट जड. तो गंजाच्या तळाशी पाण्यासारखा साचतो आणि खालून वर चढतो. डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नाही.

आबाजींनी सांगितलेली गोष्ट

हा प्रयोग मी घरी सांगितला तेव्हा आबाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरा, आमच्या वेळी पेवात ज्वारी ठेवत. पेव उघडलं की त्यात कोनी लगेच उतरत नसे. जुन्या हिरीत उतरायचं असलं तर पयले कंदील सोडत. ज्या हवेत कंदील विझते, त्या हवेत मानूस कसा वाचन?"

ज्वारीचे दाणेसुद्धा श्वास घेतात. बंद पेवातला प्राणवायू संपतो आणि हाच वायू साचतो. जुन्या विहिरीत पालापाचोळा कुजतो, तेथेही तसेच होते. गंज म्हणजे लहानशी विहीरच, आणि ठेंगणी मेणबत्ती म्हणजे तळाला उतरलेला माणूस. दरवर्षी उन्हाळ्यात विहीर उपसायला, मोटार काढायला माणसे उतरतात. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण वाचतो.

पण मित्रांनो, कंदिलाची परीक्षासुद्धा अर्धीच आहे. कंदील विझला तर उतरायचेच नाही, हे खरे. पण कंदील जळत राहिला म्हणजे धोका नाही, असे मात्र नाही. ज्या हवेत ज्योत टिकते, त्या हवेतही माणसाला भोवळ येऊ शकते. शिवाय विहिरीत डिझेल इंजिन चालवले असेल तर त्याच्या धुराचा विषारी वायू कंदिलाला कळत नाही.

म्हणून हे चार नियम पाठ करा :

१. बंद पडलेल्या विहिरीत, पेवात किंवा टाकीत एकट्याने उतरू नये. आधी आत मोकळी हवा जाऊ द्यावी.
२. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा, आणि वर तो ओढणारी माणसे हवीत.
३. खाली कोणी पडला तर त्याच्या मागे उडी घेऊ नये. दोराने ओढावे आणि ओरडून माणसे गोळा करावीत.
४. ११२ किंवा १०८ या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.

मशीनवाल्यांनाही सूचना

घरच्या मशीनमधला वायू थोडा असतो, मोकळ्या स्वयंपाकघरात त्याची भीती नाही. पण नळकांडे उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. ३१ अंशांच्या वर हा वायू पातळ राहूच शकत नाही, आणि आतला दाब फार वाढतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो. म्हणून नळकांडे घरात सावलीला ठेवावे, बंद मोटारीत विसरू नये. बाटली उकळत्या पाण्याने धुऊ नये, तडा गेलेली वापरू नये.

आजीचे पाणी या मशीनने गोड झाले नाही. पण आबाजींनी आमच्या शेतातल्या जुन्या विहिरीवर बसवायला लोखंडी जाळी सांगून ठेवली आहे. मला तर वाटते, त्या सुटीतला सर्वांत चांगला सोडा तोच.

सांगा पाहू!

१. ठेंगणी मेणबत्ती आधी का विझली?
२. दोन्ही बश्यांत पांढरा थर सारखाच का राहिला?
३. सोड्याची बाटली उन्हात ठेवून उघडली तर जास्त का उसळते?
४. तुमच्या गावात उघडी, पडीक विहीर आहे का? घरी विचारा, आणि तिच्यावर जाळी आहे की नाही ते पाहून या. काठावर जाऊन वाकू मात्र नका!

उत्तरे वहीत लिहून बाईंना दाखवा.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी