ईमेल ‘सेंट’ झाला, पण पोहोचला का?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, “मी मेल पाठवलाय” आणि “मला आलाच नाही” या वादात मुलाच्या अर्जाची मुदत निघून जाते. चूक कुणाची हे ठरवण्याआधी जीमेलमध्ये एवढं तपासा.

पाठवणाऱ्यांनी :
१. मेल ‘आउटबॉक्स’मध्येच असेल तर तो गेलेला नाही. नेट तपासा.
२. ‘मेलर-डेमन’चा मेल आला तर डिलीट करू नका, वाचा. मेल का परत आला ते त्यात लिहिलेलं असतं.
३. पत्त्यात एखादं अक्षर चुकलं आणि तो पत्ता दुसऱ्याच कुणाचा निघाला, तर मेल तिकडे जातो. परतही येत नाही.
४. २५ एमबीपेक्षा मोठी फाइल ड्राइव्हची लिंक म्हणून जाते. समोरच्याला ती उघडायची परवानगी दिली आहे ना, ते बघा.

ज्यांना मेल यायचा आहे त्यांनी :
१. ‘स्पॅम’ उघडून पाहा. तिथले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात.
२. मोफत १५ जीबी जागा फोटो आणि ड्राइव्हसकट मोजली जाते. ती भरली की नवे मेल येत नाहीत.

शेवटचं सांगणं : मेल मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवा आणि “मिळाला” असं उत्तर आवर्जून मागवा.