शेवटची गाडी कुणाची?

मोटारसायकल क्लब काढायला फारसं काही लागत नाही. रविवारी सकाळी रंकाळ्याच्या कडेला चार बुलेट, एखादी हिमालयन, एखादी जपून ठेवलेली आरएक्स हंड्रेड उभी राहते, चहा होतो, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढतं. संध्याकाळपर्यंत लोगो येतो आणि दुसऱ्या दिवशी टी-शर्टची मापं विचारली जातात. कोल्हापुरात असे क्लब पावसाळा लागला की उगवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी बरेचसे वाळून जातात.

आमचा टिकलाय. पण तो कसा टिकला यापेक्षा बाकीचे का बंद पडले हे सांगणं जास्त उपयोगाचं, कारण त्यातल्या काहींबरोबर मीही फिरलोय. रस्त्यावर मोडलेला क्लब माझ्या पाहण्यात नाही. अपघात झाला तरी माणसं पुन्हा जमतात. मोडतं ते फुकटच्या कामावरनं. बुकिंग कुणी करायचं, पैसे कुणी मागायचे, मागं कुणी थांबायचं. इथं पगार नाही, साहेब नाही. हौसेनं आलेला माणूस कंटाळला की राजीनामा देत बसत नाही, नुसता यायचा बंद होतो. आपल्याला ते कळतं दोन-तीन राइडनंतर, तेही कुणीतरी ‘अरे, तो दिसला नाही बऱ्याच दिवसांत’ म्हटल्यावर.

आमच्याकडचंच सांगतो. ग्रुपनं निघालं की सगळ्यात पुढं लीड आणि सगळ्यात मागं स्वीप. लीड व्हायला सगळ्यांना आवडतं. रस्ता मोकळा, फोटोत पहिला. स्वीपनं सगळ्यात हळू गाडीच्या मागं राहायचं. नवख्याची चेन उतरली की थांबायचं, कुणाच्या सॅडल बॅगचा पट्टा सुटला की थांबायचं, कुणाला फोन आला तरी थांबायचं. गगनबावड्याला बाकीच्यांचा वडा-चहा उरकतो तेव्हा स्वीप पोचतो, आणि तो हेल्मेट काढतोय तोवर पुढचे म्हणतात, ‘चला, निघूया का?’ आमचा एक मेंबर, उद्यमनगरात लेथवर काम करणारा, वर्षानुवर्षं स्वीप होता. त्याला कुणी नेमलं नव्हतं. त्याच्याकडं पाने-पकडी होत्या, हातात कसब होतं आणि ‘नाही’ म्हणायची सवय नव्हती. तो यायचा थांबला. नंतर दुकानात गाठला तर मशीनवरनं नजर न काढता म्हणाला, ‘मला बी घाट बघायचाय भावा, तुमच्या टेललाइटी न्हवं.’

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. ज्याला लीड व्हायचंय त्यानं आधीची एक राइड स्वीप म्हणून केलेली पाहिजे. आणि थांब्याचा वेळ मोजायचा तो स्वीपनं हेल्मेट काढल्यापासून. या दुसऱ्या नियमानं जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच भाषणानं पडला नाही. पुढचे आपोआप सावकाश चालवायला लागले, कारण घाईनं पोचून हातात काहीच पडत नव्हतं.

वाट दाखवायचं कामही असंच वाटून घ्या. गगनबावड्यातून एक रस्ता करूळ घाटानं वैभववाडीला उतरतो, दुसरा भुईबावडा घाटानं. अर्धे इकडं नि अर्धे तिकडं गेले की खाली रेंज मिळेपर्यंत कुणाचा पत्ता लागत नाही. त्यावर जुना, बिनखर्चाचा उपाय आहे. प्रत्येक फाट्यावर लीडच्या मागची गाडी बाजूला थांबते, येणाऱ्यांना हातानं रस्ता दाखवते आणि स्वीप आला की त्याच्या पुढं लागते. पुढच्या फाट्याला आता लीडच्या मागं असलेला दुसराच. यात कुणाला नकाशा पाठ लागत नाही, आणि एरवी मागनं नुसता येणारा मेंबरसुद्धा दिवसातनं एकदा तरी क्लबसाठी पाच मिनिटं उभा राहतो. मला यातला हा दुसरा फायदा मोठा वाटतो.

पैशाचा विषय सगळ्यात नाजूक, आणि आपल्याकडं तो सगळ्यात ढिलाईनं हाताळला जातो. तालमी-मंडळांत वाढलेली माणसं आपण, वर्गणी म्हटलं की ‘दे तुझ्या नंबरवर’ हे ठरलेलं. एका क्लबात मालवणच्या खोल्यांचा अ‍ॅडव्हान्स खजिनदारानं स्वतःच्या खात्यातनं भरला, निघायच्या आदल्या रात्री काहीजण गळले, लॉजवाल्यानं पैसे परत दिले नाहीत. खजिनदारानं तो खड्डा गुपचूप स्वतःच बुजवला. पुढं वर्षअखेरीला त्याच माणसाला भर बैठकीत विचारलं गेलं, ‘हिशेब कुठाय?’ त्यानं हिशेबाची वही टेबलावर ठेवली आणि गाडीला किक मारून निघून गेला. क्लब तिथंच संपला, फक्त ते कळायला वेळ लागला.

यावर बरेचजण संस्था नोंदवा म्हणतात. जरूर नोंदवा, पण कशासाठी ते आधी ठरवा. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवायला किमान सात माणसं लागतात, आणि महाराष्ट्रात अशी संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते. म्हणजे दरवर्षी हिशेबतपासणी आली, पदाधिकारी बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज आला. तो वेळेत गेला नाही की जुने आणि नवे दोघंही ‘आम्हीच कमिटी’ म्हणून उभे राहतात. रविवारी फिरायला जाणाऱ्या पंचवीस माणसांना एवढा कारभार कशाला? माझं मत विचाराल तर साठाच करू नका. प्रत्येक राइड टीटीएमएम, खोलीचे पैसे बुकिंगच्या आधी जमा, गळणाऱ्याला परतावा फक्त त्याच्या जागी दुसरा आला तर, आणि परतल्यावर आठवड्याच्या आत हिशेबाचा फोटो ग्रुपवर. उरलेली चिल्लरसुद्धा वाटून टाका. जिथं शिल्लक नाही तिथं भांडायला फारसं उरत नाही. आणि खर्चाच्या वर पैसे घेऊन, गाड्या भाड्यानं देऊन ‘टूर’ काढायचा मोह झालाच तर पांढऱ्या नंबर प्लेटची खासगी गाडी भाड्यानं देता येत नाही एवढं ध्यानात असू द्या. तो धंदा आहे, त्याचे परवाने वेगळे.

फुकटचं जॅकेटही महाग पडतं. कुणी जॅकेट दिली की त्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला वीस गाड्या हव्या असतात. निवडणूक आली की निरोप येतो, ‘दादांनी विचारलंय, रॅलीला क्लब येईल का?’ तिथं हेल्मेटच्या जागी फेटा असतो, आणि ग्रुपमध्ये तर सगळ्या पक्षांची माणसं. रॅलीला क्लब म्हणून जायचं नाही, ज्याला जायचं त्यानं क्लबचं स्टिकर काढून जावं, हा नियम शांततेच्या वर्षात करून ठेवा. ऐन धामधुमीत केला तर तो कुणाच्या तरी विरोधात केलाय असंच सगळे धरतात.

आता राइड रद्द करण्याबद्दल. हे काम कुणालाच नको असतं. जो ‘नको जाऊया’ म्हणतो तो भित्रा ठरतो, आणि पहाटे सहाला तावडे हॉटेलजवळ रेनकोट घालून उभ्या असलेल्या माणसांसमोर तर ते म्हणवतही नाही. म्हणून हा निर्णय माणसाच्या तोंडून काढून आकड्यावर टाकला. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. आदल्या रात्री पातळी इशाऱ्याला टेकली असेल तर गगनबावड्याची राइड रद्द, चर्चा नाही. त्या रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी येतं, आणि सकाळी सुका दिसलेला रस्ता संध्याकाळी परतताना पाण्याखाली असू शकतो. 2019 च्या ऑगस्टात तर शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच कित्येक दिवस बंद होता. नदीवर कुणी रुसत नाही, कमिटीवर रुसतात.

हिवाळ्यात तसाच नियम अंधाराचा. ऊस हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीनं माखलेला, आणि बाहेर आलेली कांडी नेमकी चालवणाऱ्याच्या छातीच्या उंचीला. या महिन्यांत दिवस मावळायच्या आत घरी, मग दुपारचं जेवण अर्धवट राहिलं तरी चालेल. पावसाळ्यात भातलावणीच्या गावांतून जाताना केजव्हीलच्या ट्रॅक्टरनं डांबरावर आणलेला चिखल नेमका वळणावर असतो, हे नव्या मेंबरला राइडच्या आधी सांगायचं. पडल्यावर सांगून काय उपयोग?

पडणारा पडतोच कधीतरी. भुईबावड्याच्या एका वळणावर आमचा एकजण घसरला. पायाला लागलं, जिवावरचं नव्हतं. पण त्या दिवशी खरा धोका त्याच्या पडण्यात नव्हता, मागच्या पंधरा-वीस गाड्या काळजीनं त्याच आंधळ्या वळणावर थांबल्या त्यात होता. वरनं मालट्रक आला असता तर? आता असं कुणी पडलं की तिघंच थांबतात: त्याच्या लगेच मागचा, स्वीप आणि प्रथमोपचाराची पेटी ज्याच्याकडं आहे तो. एकजण वळणाच्या अलीकडं उभा राहून येणारी वाहनं हळू करतो. बाकीच्यांनी पुढं रुंद जागेवर जायचं, आणि त्यातल्या एकानं रेंज मिळेपर्यंत न थांबता जाऊन 108 लावायचा. बेशुद्ध माणसाचं हेल्मेट ओढून काढायचं नाही, श्वास अडत असेल तरच, तेही मान एकानं धरून. पोलिसांच्या लफड्याची भीती अजून लोकांच्या मनात असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या 134-अ कलमानं जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही, हे राइडआधीच्या दोन मिनिटांत एकदा तरी बोला.

त्या दिवशीची दुसरी गोष्ट मला जास्त लागली. कुणीतरी आडव्या पडलेल्या गाडीचा फोटो ग्रुपवर टाकला, तो कुणाच्या तरी स्टेटसला गेला, आणि आम्ही घरी फोन लावायच्या आधी वहिनींना शेजारणीनं विचारलं, ‘भाऊजी बरे आहेत ना?’ पुढचा अर्धा तास त्या माउलीचा कसा गेला असेल ते त्यांनी आम्हाला नंतर नीट सुनावलं, आणि ते ऐकून घेण्याशिवाय आमच्याकडं उत्तर नव्हतं. घरी फोन एकानंच करायचा, आणि तो झाल्याशिवाय ग्रुपवर एक अक्षर नाही. त्यासाठी प्रत्येकाच्या हेल्मेटच्या आत एक चिठ्ठी लागते: नाव, रक्तगट, घरचा नंबर, कशाची अ‍ॅलर्जी, विमा कुणाचा. जोडीनं येणाऱ्यांना विम्याचं स्पष्ट सांगा. नुसता थर्ड पार्टी विमा असलेल्या दुचाकीवर मागं बसलेली बायको सहसा त्या विम्यात धरली जात नाही. हेल्मेट मात्र तिलाही कायद्यानं सक्तीचंच, आणि पदर किंवा ओढणी चाकापासून लांब खोचलेली.

शिस्त लावणं हे फुकटच्या कामांतलं सगळ्यात कडू काम. वीस वर्षांच्या पोराला बाजूला घेऊन सांगता येतं. पण साठीचे अण्णा लीडला ओलांडून पुढं जातात तेव्हा? त्यांना ग्रुपवर काही लिहू नका, चारचौघांत तर मुळीच नको. त्यांच्याच वयाचा, त्यांना ‘अरे’ म्हणणारा माणूस शोधा आणि त्याच्या तोंडून, चहा पिता पिता, जाऊ द्या. तरी ऐकलं नाही तर पुढच्या राइडला त्यांना मानानं स्वीप करा. ‘अण्णा, मागं तुमच्यासारखा अनुभवी माणूस पाहिजे’ म्हटल्यावर नाही कसं म्हणतील? आमच्याकडं ही मात्रा लागू पडलीय.

कुणीही एकच काम सलग फार काळ करू नये, अध्यक्षानं तर नाहीच. मी यंदा सोडतोय. ग्रुपचं अ‍ॅडमिनपद, प्रथमोपचाराची पेटी आणि एक लांबट वही एवढंच पुढच्याच्या हवाली करायचंय. वहीत घाटवार पंक्चरवाले, मेकॅनिक, रात्री दार उघडणारे दवाखाने आणि ओल्या कपड्यांवर कुरकुर न करणारे लॉज आहेत, ज्याला जे सापडलं त्यानं ते लिहिलेलं. फोंड्याच्या पानावर त्या लेथवाल्याचं अक्षर आहे: ‘पंक्चरवाला रविवारी बंद. मागच्या दाराची कडी वाजवावी, येतो. पैसे जास्त मागत नाही, घासाघीस करू नये.’