पाळण्याजवळची कळलावी

वाशिंद,
श्रावण वद्य तृतीया

चि. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सायंकाळच्या कसारा गाडीने तुझी धाकटी मावशी आली आणि छत्री मिटण्याच्या आत तिने जी वार्ता सांगितली, ती ऐकल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. कल्याणला कोणाच्या तरी नातवाचे बारसे होते. तिथे तुझ्या दुकानातून नेलेला पुष्पगुच्छ पाळण्याच्या उशाशी ठेवलेला होता. त्यात तेरडा होता, रानहळदीचे गुलाबी तुरे होते, आणि सर्वांच्या मध्यभागी, लाल-पिवळ्या पाकळ्या उलट्या वळवून, कळलावी होती. बाळाच्या दोन वर्षांच्या थोरल्या भावाने तिची एक पाकळी ओढून तोंडाशी नेली, आणि घरातल्या एका म्हाताऱ्या बाईने ती वेळीच हिसकावून घेतली म्हणून अरिष्ट टळले. मुलाला काहीही झाले नाही, हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही.

बातमी तिसऱ्या तोंडून आलेली आहे, आणि ज्याची सारी हयात ठाण्याच्या कचेरीत दोन्ही पक्षांच्या जबान्यांच्या नकला करण्यात गेली, त्याने तुझी कैफियत ऐकल्यावाचून निवाडा करू नये, हेही मला समजते. परंतु गुच्छात कळलावी होती की नव्हती, एवढाच जर प्रश्न असेल, तर मावशीने तिचे वर्णन असे केले की शंकेला जागा उरली नाही. मनू, त्या वेलीच्या सर्वांगात विष आहे. कंदात ते सर्वांत अधिक, पण बियांत, पानांत आणि फुलांतही आहेच. कोल्चिसिन हे त्याचे नाव, आणि तेच द्रव्य अत्यल्प मात्रेत वातरक्तावरचे औषध म्हणून डॉक्टर देतात, तमिळनाडूतले शेतकरी त्यासाठीच कळलावीची लागवड करून बी विकतात आणि त्या राज्याने तिला आपले राज्यपुष्प मानले आहे. मात्रा चुकली की मात्र तीच प्राण घेते. पोटात गेल्यावर पहिले काही तास काहीच जाणवत नाही, मग ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात, घरचे लोक साधे अपचन समजून ओवा-साखर देत बसतात, आणि ज्या वेळी इस्पितळ गाठावयाचे ती वेळ निघून जाते. खात्रीचा उतारा सहजासहजी कुठे मिळत नाही. दोन वर्षांच्या देहाला किती पुरेल, याचा हिशेब मी रात्री अंथरुणात करीत होतो आणि तो करवत नव्हता.

तुला हे ठाऊक नव्हते असे मी कसे मानू? आपल्या घरी तुझ्या पणजीच्या वेळेपासून तेरड्याची गौर येते आणि तिला हात होतात ते कळलावीच्याच फुलांचे. अनुराधा नक्षत्रावर ती घरात येते, ज्येष्ठेवर तिची पूजा होते, मूळावर ती भातसेच्या पाण्यात जाते. तेवढ्या अवधीत फुले मोठ्या माणसांनी आणावयाची, मोठ्या माणसांनीच मांडावयाची, पोरांनी चौरंगाला शिवावयाचे नाही. तू पाच वर्षांची असताना एकदा शिवलीस आणि आजीने तुला तीनदा हात धुवायला लावले, तेव्हा तू रडून सारे घर डोक्यावर घेतले होतेस. जे फूल देवीच्या हाती शोभते ते पाळण्याशी ठेवावयाचे नसते, एवढे तू त्या रडण्यातूनच शिकली होतीस, अशी माझी समजूत होती.

आता दुसरी गोष्ट. ती अफवाच ठरो. माहुलीच्या पायथ्याच्या वाड्यांतली काही पोरे तुझ्यासाठी रानातून फुले आणतात, कळलावी कंदासकट उपटतात, आणि येत्या वैशाखात झाडावरच्या सीतेच्या वेण्याही उतरवून देण्याचा वायदा त्यांनी केला आहे, असे मावशी म्हणाली. सीतेची वेणी ही आमरी. ती झाडावर राहते पण झाडाचे काही खात नाही, बांडगूळ समजून लोक तिला उगाच तोडतात, आणि बीपासून फुलावर यायला तिला कित्येक वर्षे लागतात. तुझ्या गुच्छात ती एक आठवडा राहील. आणि कायद्याचेही ऐक, कारण तो मी जन्मभर वाचला आहे: १९२७ च्या वन अधिनियमात जंगलातून आणलेले फूल आणि पानसुद्धा वनोपजात मोडते, तानसा अभयारण्याच्या हद्दीतून तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडीही हलवता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना गौण वनोपजावर हक्क दिला, तो योग्यच दिला. पण तो त्यांचा हक्क आहे, तुझ्या दुकानाचा नव्हे. उद्या नाक्यावर गोणी उघडली गेली तर पंचनामा त्या ठाकरांच्या नाही तर कातकऱ्यांच्या पोरांचा होईल, मुचलका त्यांच्याकडून लिहून घेतला जाईल, आणि तू ठाण्याच्या दुकानात पंख्याखाली बसून गुच्छाला फीत बांधीत असशील. हे तुला शोभत नाही. कडक लिहितो आहे, पण तुझ्या आजीने लिहिले असते तर याहून कडक लिहिले असते.

विलायती फुलांचा तुला वीट आला, थायलंडची जांभळी ऑर्किड आणि हरितगृहातले जरबेरा बाराही महिने त्याच त्या चेहऱ्याने विकण्यापेक्षा आपल्या मातीतली, आपल्या ऋतूतली फुले द्यावीत असे तुझ्या मनाने घेतले, याचा मला केवढा अभिमान वाटला होता! तो आजही आहे. मात्र देशी म्हणजे रानातले दुर्मीळ, असा जो समज तुझ्या मनात बसलेला दिसतो, तो काढून टाक. देशीपणाचा फार सोवळेपणाही करू नकोस; झेंडू आणि निशिगंध दोघेही मेक्सिकोकडचे, पण झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, आणि त्याला परका म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही. पाहावयाचे ते हे की फूल आपल्या महिन्यात फुललेले आहे काय, झाडाने ते सढळ हाताने दिलेले आहे काय, आणि ज्याच्या घरी ते जाणार आहे त्याच्या घरात कोण कोण आहे.

सढळ हाताने देणारी झाडे आपल्या तालुक्यात थोडी नाहीत. तेरडा घे, हवा तेवढा घे, पण त्याच्या बोंडांतले बी उडून जाईपर्यंत प्रत्येक ताटव्यातली निम्मी रोपे उभी राहू दे, कारण तो वर्षायू आहे आणि पुढच्या श्रावणाची सारी भिस्त त्या बोंडांवर असते. भाद्रपद-आश्विनात बांधांवर कुर्डू येईल. कोवळा असताना त्याची आपण भाजी केली, आता त्याचे रुपेरी-गुलाबी तुरे सुकले तरी रंग सोडीत नाहीत, महिनोन्‌महिने फुलदाणीत उभे राहतात, आणि शेतकरी ते तण म्हणून उपटून टाकतो, तेव्हा त्याला चार पैसे मिळाले तर तो तुला दुवाच देईल. माळशेजच्या आणि नाणेघाटाच्या पठारांवरची सोनकी मात्र तिथेच असू दे. खाली आणेपर्यंत तिचे काही उरत नाही. थंडीत अबोली, कोरांटी, शेवंती आणि माघाचा कुंद. मग मोगरा. आपल्या शहापूर तालुक्यातले आणि वाडा-विक्रमगडकडचे आदिवासी शेतकरी मोगऱ्याची शेती करतात, पहाटे अंधारात कळी खुडून ती दादरच्या फुलबाजारात पोहोचवतात. तू कल्याणच्या बाजार समितीच्या फुलबाजारात दलालाशी घासाघीस करण्याऐवजी एखाद्या बागवाल्याशी वर्षाचा करार कर, भाव पडला तरी ठरलेला दर दे, आणि मग तुझ्या दुकानाला देशी म्हणवून घेण्याचा खरा अधिकार येईल.

काही फुले गुच्छाची नाहीतच, हे कबूल करायला शीक. बहाव्याचा घोस तोडला की घरी नेईपर्यंत पाकळ्या गळतात. ताम्हण, आपल्या महाराष्ट्राचे राज्यपुष्प, फांदीवर असेतो अपूर्व दिसते आणि तोडल्यावर त्याच दिवशी मलूल होते. वैशाखात कोणाला ते द्यावेसे वाटले तर कुंडीतले रोप दे. पारिजातकाला तर तोडावयाचेच नसते. पहाटे खाली पडलेली फुले केळीच्या पानाच्या द्रोणात घालून दिलीस तर कोणता गुच्छ त्याच्या तोडीचा ठरेल? बकुळीचेही तसेच, आणि ती सुकली तरी सुगंध टिकवते, म्हणून दूरच्या पत्त्यावर पाठवायला तिच्यासारखे फूल नाही. पाण्यात बुडणारी देठाची पाने आधी काढ, देठ तिरका काप, आणि तो हिरवा स्पंज व चकाकणारे प्लास्टिक टाकून दे. ओले केलेले केळीचे सोपट आणि पळसाची पाने आपल्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली, त्यांत काही उणे नव्हते.

पण हे सारे लिहितानाही माझे मन पुन्हा पुन्हा त्या पाळण्याशी जाते. त्या घरचा पत्ता तुझ्या वहीत असेल. तू स्वतः जा. दूरध्वनी करू नकोस, जा. गुच्छ परत आण, आईबापांना काय ते स्पष्ट सांग, आणि त्या म्हाताऱ्या बाईंना नमस्कार कर. या श्रावणात आणखी कोणाकोणाकडे कळलावी गेली आहे त्याची यादी कर आणि त्यांनाही सांग. कण्हेरही कधी वापरीत असशील तर तीही बंद, तिचेही विष काही कमी नाही. लोक काय म्हणतील याची भीती वाटेल. वाटू दे, आणि तरी जा.

आता थोडे माझ्याविषयी, कारण ज्याने आयुष्यात कोणाला फूल दिले नाही त्याने हे उपदेश करावेत काय, असे तुला मनातून वाटत असेल, आणि ते वाटणे रास्त आहे. नोकरीच्या त्या सगळ्या वर्षांत रोज संध्याकाळी कल्याणला गाडी थांबली की फलाटावर गजरेवाल्यांच्या टोपल्या दिसत. डब्यात माझ्याबरोबर कचेरीतले लोक असत, आणि बायकोसाठी गजरा घेणारा पुरुष म्हणजे थट्टेचा विषय, अशा त्या काळच्या समजुतीपुढे मी मान तुकवली. उद्या घेऊ, सणाला घेऊ, निवृत्त झाल्यावर घेऊ, असे म्हणता म्हणता तुझी आजी गेली. तिला अबोली फार आवडत असे, हे मला तिच्या पश्चात तुझ्या आईने सांगितले. एकाच घरात आम्ही इतकी वर्षे राहिलो आणि मला ते माहीत नव्हते. तू जेव्हा नोकरी सोडून फुलांचे दुकान काढलेस आणि सारे नातेवाईक तुला नावे ठेवू लागले, तेव्हा मी एकटाच तुझ्या बाजूने का बोललो, हे आता तुला उमगेल. माणसे संकोच सोडून एकमेकांना फुले देतात आणि ती जुळवून देणारे हात आमच्या मनूचे आहेत, या विचाराने मला फार बरे वाटते. त्या हातांनी कोणाच्या घरी अजाणता दुःख जाऊ नये, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप.

मघाशी पंख्याखाली बसल्याचे जे लिहिले ते लागले असेल. खोडणार होतो, पण ती पोरे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत, म्हणून राहू दिले. तू दिवसभर उभी असतेस, पहाटे तीनला उठून बाजार गाठतेस, हे मला ठाऊक आहे. चुका करण्याइतके काम तू करतेस, आणि आम्ही इथे ओसरीवर बसून पत्रे लिहितो.

गौरीला ये. तेरडा यंदा विहिरीमागे भरपूर आला आहे, आणि देवीचे हात तूच मांड, आता तू मोठी झालीस. येताना त्या वाडीतल्या पोरांपैकी कोणी येत असेल तर त्यालाही घेऊन ये. त्याला परसातली बाग दाखवू, अबोली आणि मोगऱ्याची कलमे देऊ, म्हणजे त्याला माहुलीवर चढण्याचे कारण उरणार नाही. दुकानाच्या भाड्याचे दोन महिने थकल्याचे मावशीच्या तोंडून सहज निघून गेले. तिच्यावर रागावू नकोस. मावशीबरोबर एक पाकीट देतो आहे, ते मुकाट्याने ठेवून घे आणि आईला कळवू नकोस. आणि रात्री जेवतेस की नाही, ते खरे खरे लिही.

तुझा,
आजोबा