शेतावरील छोट्या संगणकावर लिनक्स बसविणे व तो सुरू न झाल्यास दोष शोधणे

ठिबक सिंचनाचे झडप वेळेवर उघडणे, जमिनीतील ओलावा मोजणे, बागेतील तापमान व आर्द्रतेची दर तासाला नोंद ठेवणे या कामांसाठी आता अनेक शेतकरी बंधू तळहाताएवढ्या संगणकाचा वापर करू लागले आहेत. मोबाईलमध्ये असतो त्याच एआरएम जातीचा प्रोसेसर या संगणकात असतो आणि त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली चालते. ब्रिटनमध्ये तयार झालेला 'रास्पबेरी पाय' हा यातील सर्वांत प्रचलित संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी प्रथम विक्रीस आला.

हे यंत्र लहान असले तरी त्यावर अवलंबून असलेले काम लहान नसते. फळछाटणीनंतर द्राक्षबागेत पाऊस सुरू असताना चार दिवसांच्या आर्द्रतेच्या नोंदी गेल्या, तर केवड्यासाठी फवारणी कधी घ्यावी हे अंदाजाने ठरवावे लागते. यंत्र बंद पडले की ते जळाले असे समजून नवे आणण्याकडे किंवा शहरात दुरुस्तीस पाठविण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष वीजपुरवठ्यात किंवा कार्डात असतो आणि तो घरीच सापडतो. त्यासाठी दोष क्रमाने शोधणे एवढेच आवश्यक आहे. या लेखातील माहिती मुख्यतः रास्पबेरी पाय-३ व पाय-४ या प्रकारांना लागू आहे.

आवश्यक साहित्य

१) रास्पबेरी पाय संगणक.
२) योग्य वीजपुरवठा. पाय-३ साठी ५ व्होल्ट २.५ अँपिअर व पाय-४ साठी ५ व्होल्ट ३ अँपिअर. मोबाईलचा जुना चार्जर वापरू नये.
३) नामांकित कंपनीचे १६ किंवा ३२ जीबीचे मायक्रो एसडी कार्ड, शक्यतो दोन.
४) कार्ड रीडर, मल्टिमीटर आणि कार्ड तयार करण्यासाठी कोणताही साधा संगणक.

बाजारात बनावट कार्डे मिळतात. त्यावर ३२ जीबी छापलेले असते, परंतु आत जागा कमी असते. म्हणून नवीन कार्ड वापरण्यापूर्वी 'एच२टेस्टडब्ल्यू' किंवा 'एफ३' या विनामूल्य प्रोग्रॅमने पूर्ण तपासून घ्यावे.

कार्डावर लिनक्स बसविणे

रास्पबेरी पायच्या अधिकृत संकेतस्थळावरून 'इमेजर' हा प्रोग्रॅम संगणकावर घ्यावा. त्यात आपल्या यंत्राचा प्रकार, प्रणाली आणि कार्ड या तीन गोष्टी निवडाव्यात. शेतावर पडदा जोडावयाचा नसल्याने 'रास्पबेरी पाय ओएस लाइट' ही हलकी आवृत्ती पुरेशी होते. कार्ड निवडताना चुकून आपला पेनड्राइव्ह निवडला जाणार नाही याची खात्री करावी, कारण निवडलेल्या साधनावरील सर्व माहिती पुसली जाते.

लिहिण्यापूर्वी वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड, वाय-फायचे नाव व पासवर्ड, वाय-फायसाठी भारत हा देश आणि आशिया-कोलकाता ही वेळ भरावी. दुरून जोडणी करण्यासाठी 'एसएसएच' चालू करावे. पूर्वी 'पाय' व 'रास्पबेरी' हे ठरलेले नाव-पासवर्ड चालत असत; एप्रिल २०२२ पासून ते बंद झाले आहेत. म्हणून जुन्या पुस्तिकेतील पासवर्ड टाकून पाहण्यात वेळ घालवू नये.

लिहून झाल्यावर पडताळणी पूर्ण होऊ द्यावी, कार्ड यंत्रात बसवावे आणि नंतरच वीज द्यावी. पहिल्या वेळी प्रणाली कार्डाची संपूर्ण जागा आपल्या ताब्यात घेते व पुन्हा सुरू होते. त्यास काही मिनिटे लागतात. या काळात वीज काढू नये.

यंत्र सुरू होते कसे?

दोष शोधण्यासाठी हे टप्पे समजून घेणे गरजेचे आहे. बूटलोडर म्हणजे लिनक्सला जागे करणारा छोटा प्रोग्रॅम. कालव्यावरील पाटकरी दार उघडून पाणी योग्य चारीत सोडतो व बाजूला होतो, तसेच त्याचे काम असते.

पहिला टप्पा : वीज मिळताच प्रोसेसरमध्ये कायमचा कोरलेला प्रोग्रॅम जागा होतो. तो बदलता येत नाही आणि बिघडतही नाही.

दुसरा टप्पा : पाय-३ मध्ये हा प्रोग्रॅम कार्डाच्या पहिल्या विभागातील 'बूटकोड' ही फाइल शोधतो. पाय-४ मध्ये बूटलोडर कार्डावर नसून यंत्रावरील 'ईईप्रॉम' या चिपमध्ये असतो.

तिसरा टप्पा : बूटलोडर कार्डावरील 'स्टार्ट' ही फाइल चालवितो. पाय-४ साठी तिचे नाव 'स्टार्ट४' असते. ती 'कॉन्फिग' या साध्या मजकुराच्या फाइलमधील सूचना वाचते.

चौथा टप्पा : 'कर्नल' म्हणजे लिनक्सचा गाभा स्मृतीत घेतला जातो. 'सीएमडीलाइन' या फाइलमधील एका ओळीवरून कर्नलला कार्डाचा दुसरा विभाग कोठे आहे ते कळते. आपल्या नोंदी व प्रोग्रॅम त्याच विभागात असतात.

ठिबकच्या शेवटच्या तोटीला पाणी आले नाही तर आपण पंप, गाळणी, मुख्य नळी, उपमुख्य नळी व लॅटरल अशा क्रमाने पाहत जातो. येथेही तसेच करावे.

दोष शोधण्याचा क्रम

१) वीज : लाल दिवा पाहावा. तो लागत नसेल, लुकलुकत असेल किंवा अधूनमधून विझत असेल तर वीज कमी पडते आहे. सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली दाब गेला की यंत्र इशारा देते. यंत्र चालू असताना पिनांच्या रांगेतील २ व ६ क्रमांकांच्या पिनांवर मल्टिमीटरने दाब मोजावा. तो ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान असावा. टोक घसरून शेजारच्या १ क्रमांकाच्या पिनेस लागू देऊ नये. त्याने यंत्र खरोखरच जळू शकते. लांब व बारीक वायरीत दाब पडतो, म्हणून वायर आखूड व जाड ठेवावी.

यंत्र चालत असेल पण मधूनच थांबत असेल, तर 'व्हीसीजेनसीएमडी गेट-अंडरस्कोर-थ्रॉटल्ड' ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्यावी. उत्तर '०एक्स०' आल्यास वीज ठीक आहे. '०एक्स५००००' आल्यास यंत्र सुरू झाल्यापासून केव्हातरी दाब कमी झाला होता असे समजावे.

२) जोडण्या : रिले, संवेदक, मोडेम असे सर्व काढून केवळ वीज व कार्डावर यंत्र सुरू करून पाहावे. तसे सुरू झाले तर एकेक साधन पुन्हा जोडत जावे. ज्या साधनानंतर यंत्र अडते तेथे दोष आहे. झडपांच्या २४ व्होल्ट कॉइलना वेगळा पुरवठा द्यावा.

३) हिरवा दिवा : हा दिवा कार्डावरील हालचाल दाखवितो. अनियमित लुकलुकत असेल तर यंत्र कार्ड वाचत आहे. तोच ठरावीक संख्येने लुकलुकून थांबत असेल व पुन्हा तितक्याच वेळा लुकलुकत असेल तर तो दोषाचा सांकेतिक क्रमांक असतो. दोन-तीन वेळा मोजून खात्री करावी.

लाल दिवा चालू, हिरवा मुळीच लागत नाही (पाय-३) – कार्ड नीट बसलेले नाही, खराब आहे किंवा 'बूटकोड' फाइल नाही.
४ वेळा – 'स्टार्ट' फाइल सापडत नाही.
७ वेळा – कर्नल सापडत नाही.
८ वेळा – यंत्राच्या स्मृतीत दोष. घरी दुरुस्ती होत नाही.
२ लांब व १ आखूड – कार्डाचा पहिला विभाग योग्य स्वरूपात नाही.
३ लांब व १ आखूड – ईईप्रॉम चिपमध्ये दोष.

यातील चार लुकलुकींचे एक कारण नेहमी आढळते. पाय-३ मधील जुने कार्ड काढून नव्या पाय-४ मध्ये घातले जाते. पाय-४ जून २०१९ मध्ये आला. त्यापूर्वी तयार केलेल्या कार्डावर 'स्टार्ट४' फाइल नसते. येथे कार्ड व यंत्र दोन्ही चांगले असतात. नवीन कार्ड तयार केले की काम होते.

४) पडदा : घरच्या टीव्हीस जोडून पाहावे. इंद्रधनुष्यासारखे रंग येऊन तेथेच थांबत असेल, तर तिसरा टप्पा पार पडला असून कर्नल चालत नाही असे समजावे. कर्नलने दुसरा विभाग सापडत नसल्याचा संदेश दिला, तर 'सीएमडीलाइन' फाइल किंवा दुसरा विभाग बिघडला आहे.

५) कार्डातील मजकूर : कार्ड साध्या संगणकात घातल्यावर 'बूटएफएस' नावाचा विभाग दिसतो. दुसरा विभाग विंडोजला वाचता येत नाही, म्हणून "हे साधन फॉरमॅट करावयाचे का?" असा प्रश्न विंडोज विचारते. येथे नेहमी 'नाही' म्हणावे. 'होय' म्हटल्यास हंगामभराच्या नोंदी जातात.

'कॉन्फिग' फाइलमध्ये अलीकडे एखादी ओळ घातली असल्यास तिच्या सुरुवातीस # हे चिन्ह द्यावे; ती ओळ निष्प्रभ होते. 'सीएमडीलाइन' मधील सर्व मजकूर एकाच ओळीत असावा लागतो. मध्ये एंटर दाबले गेले असल्यास ओळ पुन्हा जोडावी.

६) वीज गेल्याने बिघडलेला विभाग : लिहिणे चालू असताना वीज गेली की दुसऱ्या विभागाची घडी विस्कटते. कार्ड रीडरमधून हे कार्ड दुसऱ्या लिनक्स संगणकास जोडावे. 'एलएसबीएलके' आज्ञेने त्याचे नाव पाहावे. शक्य असल्यास नोंदींच्या फाइली आधी उतरवून घ्याव्यात. मग विभाग 'अनमाउंट' करून त्यावर 'एफएससीके' ही दुरुस्तीची आज्ञा चालवावी. दुरुस्तीनंतर वारंवार तोच दोष आल्यास कार्ड बाद करावे.

७) पाय-४ चा बूटलोडर : कार्ड बदलूनही उपयोग झाला नाही, तर ईईप्रॉममधील बूटलोडर पुन्हा भरता येतो. इमेजरमध्ये इतर उपयोगी प्रतिमांच्या यादीत बूटलोडरची प्रतिमा असते. ती वेगळ्या कार्डावर लिहून यंत्रात घालावी व वीज द्यावी. हिरवा दिवा एकसारखा जलद लुकलुकू लागला व टीव्हीचा पडदा हिरवा झाला की काम झाले. त्यानंतर वीज बंद करून नेहमीचे कार्ड घालावे.

इतर कंपन्यांचे संगणक

ऑलविनर प्रोसेसर असलेल्या अनेक स्वस्त संगणकांत 'यू-बूट' हा बूटलोडर वापरतात. तो फाइलच्या रूपात नसून कार्डाच्या सुरुवातीपासून ८ किलोबाइट अंतरावर थेट लिहिलेला असतो. म्हणून एका कार्डावरील फाइली दुसऱ्या कार्डावर नकलून यंत्र सुरू होत नाही. संपूर्ण प्रतिमाच लिहावी लागते. आपल्या नेमक्या मॉडेलसाठीचीच प्रतिमा घ्यावी. या संगणकांचा दोष शोधण्यासाठी यूएसबी-सिरियल वायर उपयोगी पडते, कारण यू-बूट प्रत्येक टप्प्याचा संदेश तिच्यावर देतो. ही वायर ३.३ व्होल्ट पातळीचीच असावी. ५ व्होल्टची वायर प्रोसेसर जाळू शकते.

घ्यावयाची काळजी

१) बंद करताना सरळ वीज काढू नये. 'सुडो पॉवरऑफ' आज्ञा देऊन हिरवा दिवा शांत झाल्यावर वीज काढावी.
२) वीज वारंवार जात असेल तेथे छोटी बॅटरी बसवावी. 'रास्पी-कॉन्फिग' मधील 'ओव्हरले फाइल सिस्टिम' चालू केल्यास कार्डावर लिहिणे थांबते व ते सुरक्षित राहते. मात्र अशा वेळी नोंदी वेगळ्या पेनड्राइव्हवर लिहाव्यात. अन्यथा वीज जाताच त्याही जातात.
३) पाय-३ व पाय-४ मध्ये वीज नसताना चालणारे घड्याळ नसते. इंटरनेट नसल्यास वीज आल्यावर वेळ मागे राहते व पाणी चुकीच्या वेळी सुटते. त्यासाठी 'डीएस३२३१' हे बॅटरीचे घड्याळ जोडावे.
४) यंत्र नीट चालू असतानाच कार्डाची पूर्ण प्रत दुसऱ्या कार्डावर करून, तारीख लिहून, कोरड्या डबीत ठेवावी. हंगामात बिघाड झाल्यास पाच मिनिटांत काम सुरू होते.
५) वीज नसताना बंद राहणारीच झडपे वापरावीत. यंत्र मध्येच अडकल्यास पाणी वाहत राहू नये म्हणून पंपावर वेगळा टायमर ठेवावा आणि हाताने उघडता येणारी झडप कधीही काढून टाकू नये.

शेतकरी बंधूंनी यंत्र कपाटात ठेवून देण्यापूर्वी वीज, जोडण्या, हिरवा दिवा, पडदा व कार्ड या क्रमाने एकदा तपासणी करावी. काय पाहिले व काय आढळले ते वहीत लिहून ठेवावे. पुढे तज्ज्ञाकडे जाण्याची वेळ आलीच, तर "चालत नाही" एवढेच सांगण्याऐवजी "हिरवा दिवा सात वेळा लुकलुकतो" असे सांगता येईल आणि निम्मे काम तेथेच झालेले असेल.