सालेंतोचे ऑलिव्ह : स्थानिक वाण आणि तेलाचा दर्जा

इटलीच्या आग्नेय टोकाला, पुलिया प्रांतात, सालेंतो हा तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला प्रदेश आहे. तांबडी माती, चुनखडीचा खडक आणि कोरडा उन्हाळा असलेल्या या भूमीत ऑलिव्ह, म्हणजेच जैतून, हे पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांचे मुख्य धन होते. ‘चेल्लिना दि नार्दो’ आणि ‘ओल्यारोला सालेंतिना’ हे येथील दोन परंपरागत वाण होत. स्थानिक वाणाचे मोल आणि त्याची मर्यादा या दोन्हींचा बोध त्यांच्या इतिहासातून होतो.

दिव्याच्या तेलापासून खाद्यतेलापर्यंत

अठराव्या शतकात गाल्लिपोली बंदरातून हे तेल युरोपभर जात असे; पण ते मुख्यत्वे दिव्यांसाठी. गळून पडलेली फळे जमिनीवरून वेचावयाची, साठवून ठेवावयाची आणि खडकात कोरलेल्या भूमिगत घाण्यांत गाळावयाची, अशी रीत होती. फळ दबले वा आंबले की त्यातील तेलाचे विघटन सुरू होते व आम्लता वाढते. तेल हलके ठरे, ते वाणामुळे नव्हे, तर हाताळणीमुळे.

पुढे ही रीत बदलली. फळ रंग पालटू लागताच झाडावरून उतरविणे, हवेशीर पेट्यांतून नेणे आणि शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळणे, एवढ्या शिस्तीने त्याच झाडांपासून उत्तम खाद्यतेल मिळू लागले.

दर्जाचे निकष

‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ ही या तेलाची सर्वोच्च प्रत होय. ते केवळ यांत्रिक क्रियेने काढलेले असावे लागते. रासायनिक द्रावक वा शुद्धीकरण वर्ज्य असते. मुक्त आम्लता ०.८ टक्क्यांहून अधिक चालत नाही. शिवाय प्रशिक्षित परीक्षकांच्या मंडळाला चवीत व वासात एकही दोष आढळता कामा नये आणि फळाचा स्वाद मात्र जाणवला पाहिजे. १९९८ मध्ये ‘तेर्रा दोत्रांतो’ या नावाने येथील तेलास युरोपीय संघाचे उगमस्थान-संरक्षण लाभले.

रोगाचे संकट

२०१३ मध्ये गाल्लिपोलीच्या परिसरात ‘झायलेला फास्टिडिओसा’ हा जिवाणू आढळला. रस शोषणाऱ्या एका लहान कीटकामार्फत तो पसरतो व झाडाच्या जलवाहिन्या बंद करतो. फांद्या शेंड्याकडून वाळत जातात. बाधित झाड रोगमुक्त करण्याचा उपाय उपलब्ध नाही. दोन्ही परंपरागत वाण या रोगास सहज बळी पडले. शतकानुशतकांची झाडे तोडण्यास शेतकऱ्यांनी विरोध केला. २०१५ च्या अखेरीस न्यायालयीन आदेशाने तोडणी थांबली व पुढील वर्षी ती स्थगिती उठली. दरम्यान रोग उत्तरेकडे सरकतच राहिला. लक्षावधी झाडे वाळली, अनेक घाणे बंद पडले. आता ‘लेच्चिनो’ व ‘फावोलोसा’ या तग धरणाऱ्या वाणांची लागवड होत आहे. जुन्या खोडांवर त्यांची कलमे बांधण्याचे, तसेच रानात उगवलेल्या रोपांतून प्रतिकारक्षम झाडे निवडण्याचे प्रयोगही चालू आहेत.

बोध

स्थानिक वाणास नाव मिळवून देणे हे अर्धेच काम होय. तोडणीपासून घाण्यापर्यंतची शिस्त नसेल, तर उत्तम वाणाचेही तेल दिव्यातच जाते. आणि सारा प्रदेश एक-दोन वाणांवर विसंबला, तर एकच रोग सर्वांचे उत्पन्न हिरावून नेतो. रोगाची पहिली खूण दिसताच शासन, शास्त्रज्ञ व शेतकरी यांच्यात विश्वासाचा संवाद घडणे, हेही बी-बियाण्याइतकेच महत्त्वाचे आहे.